दासगावचा माणूस: आर. बी. मोरे आणि चवदार तळ्यामागची दहा वर्षांची मेहनत

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपण महाडला जातो. मुंबईहून निघालेल्या गाड्या माणगाव ओलांडतात, महाड जवळ आले की घोषणा सुरू होतात. त्या घाईत महामार्गाच्या कडेला, सावित्री नदीच्या काठी असलेले दासगाव मागे पडते. फार थोड्या गाड्या तिथे थांबतात.

२५ डिसेंबर १९२७ रोजी मात्र सगळ्यांच्या नजरा दासगावकडे लागल्या होत्या. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने निघाले होते. धरमतरच्या वाटेवर गाडीवाले अडवणूक करतील अशी भीती होती, म्हणून समुद्राचा मार्ग निवडला होता. हरिहरेश्वरमार्गे ते त्या दिवशी दुपारी दासगावच्या बंदरात उतरले. तिथे हजारो सत्याग्रही त्यांची वाट पाहत उभे होते. दासगावहून महाडपर्यंत माणसांची रांग चालत गेली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

बंदर दासगावचेच का, वाट पाहणारी माणसे आधीपासून तयार कशी, आणि मुळात परिषदेसाठी महाडच का, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येते. रामचंद्र बाबाजी मोरे. चळवळीत आर. बी. मोरे आणि पुढे कॉम्रेड मोरे म्हणून ओळखला गेलेला हा माणूस आपल्या तरुणांना आज किती माहीत आहे? बहुतेकांना नावापुरताच, आणि काहींना नावानेही नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होत असताना हे बरे नाही.

सैनिकांच्या वस्तीतला जन्म

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली गावात झाला. लाडवली आणि दासगाव या दोन गावांत त्यांचे बालपण गेले. त्या काळचे दासगाव समजून घेतल्याशिवाय मोरे समजत नाहीत. इंग्रजांच्या फौजेत कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. नोकरी संपवून, पेन्शन घेऊन गावी परतलेली ही माणसे लिहू-वाचू शकत होती. जग पाहून आल्यामुळे गावकीच्या जाचाकडे पाहण्याची त्यांची नजर बदललेली होती. महाड परिसरात अशा पेन्शनरांच्या वस्त्या होत्या आणि दासगाव त्यातले महत्त्वाचे ठिकाण होते.

याच मुलखातले गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळचे रावढळ हे त्यांचे गाव. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. १८८८ मध्ये विटाळ विध्वंसन लिहून धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. लष्कराने अस्पृश्यांची भरती बंद केली तेव्हा सरकारकडे दाद मागण्यासाठी धडपड केली. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि सवर्ण सभासदांनी त्यांच्या शेजारी बसण्यावरून गदारोळ केला. १९०० साली गोपाळबाबा गेले. तीन वर्षांनी मोरे जन्मले. म्हणजे चवदार तळ्याची लढाई १९२७ मध्ये आकाशातून पडलेली नव्हती. तिच्याआधी एका पिढीने अर्ज लिहिले होते, अपमान सोसले होते आणि बोलायला शिकवले होते. मोरे त्या शिकवणीत वाढले.

अकरा वर्षांच्या मुलाची पहिली लढाई

रामचंद्र अभ्यासात हुशार होता. प्राथमिक शिक्षण झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. वय असेल ११ वर्षे. पण महाडच्या इंग्रजी शाळेत हा मुलगा गेला तेव्हा त्याला प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, जात.

अशा वेळी बहुतेक मुले घरी परत येत. आईबाप नशिबाला दोष देत आणि मुलगा गुरे राखायला किंवा मुंबईला जात असे. रामचंद्राने तसे केले नाही. त्याने झालेला प्रकार पत्रात लिहिला आणि ते पत्र वर्तमानपत्रात छापून आले. सरकारी अनुदान घेणारी शाळा एका शिष्यवृत्तीधारक मुलाला दार बंद करते ही गोष्ट चारचौघांत आली. अनुदान जाईल या भीतीने शाळेला त्याला आत घ्यावे लागले. आत घेतले म्हणजे इतरांसारखे बसवले असे नाही, विटाळाचे नियम वर्गातही होते. पण दार उघडले.

या प्रसंगात मोऱ्यांचे पुढचे सगळे आयुष्य दिसते. अन्याय झाला की तो लिहून काढायचा, ज्याच्या हातात पैसा आणि परवानगी आहे त्याची दुखरी जागा शोधायची आणि तिथे बोट ठेवायचे. हे शहाणपण त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळाले नव्हते. पेन्शनरांच्या ओटीवर बसून अर्ज कसा लिहितात, कोणाला लिहितात, उत्तर आले नाही तर काय करतात हे पाहतच ते मोठे झाले होते.

चहाचे दुकान

महाड ही बाजारपेठ होती. आजूबाजूच्या खेड्यांतले महार, चांभार बाजाराला, कोर्टकचेरीला, पेन्शन घ्यायला तिथे येत. दिवसभर उन्हात फिरून त्यांना पाण्याचा घोट मिळत नसे. गावात मोठे तळे होते. त्यावर गुरे पाणी पीत, इतर धर्मांचे लोक पाणी भरत, पण यांना मज्जाव होता. हॉटेलात बसायची तर गोष्टच नको.

मोऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो अगदी साधा होता. आपल्या लोकांसाठी महाडात चहाचे दुकान सुरू व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि ते सुरू झाले. पाणी मिळू लागले, बसायला जागा मिळाली. मग तिथेच लोक आपली गाऱ्हाणी सांगू लागले. कोणाची जमीन खोताने घेतलेली, कोणाची पेन्शन अडकलेली, कोणाला गावाने बहिष्कार घातलेला. मोरे तिथे बसून त्यांचे अर्ज लिहून देत. हळूहळू कोणत्या गावात कोण धीट आहे, कोण वाचू शकतो, कुठे मारहाण झाली, कोणत्या वाडीत किती घरे आहेत हे सगळे त्या दुकानात गोळा होऊ लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते चळवळीचे कार्यालयच होते, पण दारावर पाटी नसलेले.

आपल्याकडे संघटना उभी करायची म्हटली की आधी लेटरहेड छापले जाते आणि पदे वाटली जातात. मोऱ्यांनी आधी तहानेची सोय केली. लोक पाण्यासाठी आले आणि माणसे म्हणून एकमेकांना भेटले.

ठराव झाला, पण पाणी कोण पिणार?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे तो सांगत होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक होते. कागदावर तळे उघडले, पण प्रत्यक्षात एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरायला जाऊ शकला नाही. मार कोण खाणार?

त्याच सुमारास बाबासाहेब परदेशातले शिक्षण पुरे करून मुंबईत परतले होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. विशीतले मोरे मुंबईला जाऊन बाबासाहेबांना भेटले. आमच्या कुलाबा जिल्ह्यात परिषद घ्या, तुम्ही अध्यक्ष व्हा, असा त्यांचा आग्रह होता. लगेच होकाराची तारीख मिळाली नाही. तरी मोरे जात राहिले. या काळात पोटासाठी त्यांना मुंबई आणि पुण्यात मिळेल ते काम करावे लागत होते, आणि तरीही महाडची वाट त्यांनी सोडली नाही. तीन वर्षे हा पाठपुरावा चालला.

अखेर १९ आणि २० मार्च १९२७ या तारखा ठरल्या. मोरे तेव्हा २४ वर्षांचे होते. परिषद उभी करण्यात त्यांच्याबरोबर संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव, अनंतराव चित्रे, टिपणीस यांच्यासारखी माणसे होती. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पायी निरोप गेले. माणसांनी घरातला तांदूळ दिला, वर्गणी दिली. परिषदेला जमलेल्या लोकांसाठी पाणी मिळेना, तेव्हा सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात पाण्याने भरलेले तळे आहे, ते नगरपालिकेने खुले केलेले आहे, त्याच गावात पाणी विकत! त्या परिषदेत यापेक्षा मोठे भाषण दुसरे काय असू शकत होते?

२० मार्चला चित्रे यांनी सुचवले की आपण सगळे मिळून तळ्यावर जाऊ या. लोक चार-चारच्या रांगेने, शिस्तीत महाडच्या रस्त्यांवरून चालत गेले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले आणि त्यांच्यामागे हजारोंनी. पुढचे आपल्याला माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून गुंडांनी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालवल्या, मंडपातले अन्न मातीत मिसळले. अनेकांना मुसलमान बांधवांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी चिडलेल्या आपल्या माणसांना आवरले, नाहीतर त्या दिवशी महाडात रक्ताचा सडा पडला असता. नंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरच्या सत्याग्रहाची हाक दिली गेली.

त्या डिसेंबरला सवर्णांनी परिषदेसाठी जागा मिळू दिली नाही. फत्तेखान या मुस्लीम गृहस्थाने आपली जागा दिली. कोर्टाचा मनाईहुकूम असल्याने तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. खटला चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पाणी पिण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली. त्याआधी, बोले ठरावापासून चार वर्षे. आणि गोपाळबाबांपासून मोजले तर चाळीस वर्षांहून अधिक.

लाल बावट्याकडे

इथपर्यंतची कथा आपण अभिमानाने सांगतो. अडचण यानंतर सुरू होते. १९३० मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि मरेपर्यंत कम्युनिस्ट राहिले. आपल्या सभांमध्ये त्यांचे नाव का घेतले जात नाही याचे मुख्य कारण हेच आहे. काहींना वाटते की त्यांनी बाबासाहेबांची साथ सोडली. मग त्यांचा फोटो कशाला लावायचा?

या प्रश्नाला टाळून चालणार नाही. मोरे तिकडे का गेले हे पाहिले पाहिजे. कोकणातला महार गावात खोताच्या जमिनीवर राबत होता आणि तोच मुंबईत गेल्यावर गिरणीत किंवा गोदीत राबत होता. गावात जात आणि जमीन एकाच माणसाच्या हातात, शहरात जात आणि मजुरी एकाच चाळीत. १९२८ च्या गिरणी संपाने मुंबई हलवून सोडली तेव्हा मोऱ्यांना वाटले की पाणी मिळवल्यावर पोटाचीही लढाई लढली पाहिजे आणि ती सगळ्या कामगारांना एकत्र आणल्याशिवाय जिंकता येणार नाही.

बाबासाहेबांना कम्युनिस्टांबद्दल गंभीर आक्षेप होते आणि ते खरे होते. गिरण्यांच्या विणकाम खात्यात जास्त मजुरी मिळे, पण सूत तुटले की ते तोंडात धरून जोडावे लागते म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना तिथे घेतले जात नसे. ही बंदी मालकांइतकीच सवर्ण कामगारांनीही जपली होती. कामगारांचे ऐक्य म्हणणाऱ्या युनियनने हा प्रश्न आधी हातात घेतला नाही. बाबासाहेबांनी तो मांडला. हे मोऱ्यांना माहीत नव्हते असे नाही. त्यांनी तरीही आत राहून भांडायचे ठरवले.

त्यांचा हा निर्णय बरोबर होता का? आपल्यापैकी अनेकांचे उत्तर नाही असेच असेल, आणि त्याला कारणे आहेत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. एक, मोऱ्यांनी हा मार्ग पदासाठी किंवा पैशासाठी घेतला नाही. त्यात तुरुंग होता, भूमिगत राहणे होते, गिरणगावातल्या चाळीत काढलेली गरिबी होती. दोन, बाबासाहेबांशी मतभेद झाले तरी दोघांमधला आदर संपला नाही. मोऱ्यांनी बाबासाहेबांची निंदा करून आपली जागा तयार केली नाही.

शिवाय दोन चळवळी एकत्र आल्या तेव्हा काय घडू शकते हेही त्या काळाने पाहिले. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. मोऱ्यांना आयुष्यभर जे हवे होते त्याची ती झलक होती. ती टिकली नाही, हे दोन्ही बाजूंचे नुकसान.

पक्षाच्या आतली लढाई

कम्युनिस्ट पक्षात मोऱ्यांना सगळे सुखाचे होते असे समजू नये. वर्ग बदलला की जात आपोआप जाईल, असे तिथे अनेकजण मानत. महाडच्या शाळेच्या दारातून परत पाठवलेल्या माणसाला हे पटणे शक्य नव्हते. १९५३ मध्ये त्यांनी अस्पृश्यता आणि जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर पक्षाच्या नेतृत्वाला लेखी टिपण दिले. जात हा नुसता जुन्या काळाचा उरलेला कचरा नाही, तो आजचा प्रश्न आहे, पक्षाने त्यावर स्वतंत्रपणे लढले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढेही त्यांनी हा विषय सोडला नाही. पक्षाने ते किती ऐकले हा वेगळा मुद्दा आहे. आज डावे पक्ष जातीबद्दल जे बोलतात, ते मोऱ्यांनी त्यांना फार आधी सांगितले होते.

१९६४ मध्ये पक्ष फुटल्यावर मोरे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाबरोबर राहिले. पक्षाचे मराठी साप्ताहिक जीवनमार्ग सुरू करण्यात ते पुढे होते. त्याचा पहिला अंक १४ एप्रिल १९६५ रोजी निघाला. तारीख पाहा. कम्युनिस्ट पक्षाचे पत्र भीमजयंतीला सुरू होते. लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या माणसाने आपले मूळ कुठे आहे हे किती जपून ठेवले होते, हे त्या एका तारखेतून कळते.

११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मकथा त्यांनी लिहायला घेतली होती, ती अपुरीच राहिली. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. २०१९ मध्ये त्या लेखनाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि देश-परदेशातल्या अभ्यासकांना मोरे कळले. दासगावच्या माणसाला जग वाचते आहे आणि आपण महामार्गावरून पुढे निघून जातो आहोत.

आपण काय घ्यायचे?

मोऱ्यांना दोन्ही घरांनी अर्धे-अर्धे विसरले. आपण म्हणालो ते लाल झाले. तिकडे म्हणाले हे जातीचे बोलतात. पण इतिहास असा रंगांनी वाटून घेता येत नाही. चवदार तळ्याच्या पहिल्या परिषदेसाठी तीन वर्षे पाठपुरावा करणारा तरुण नंतर कोणत्या पक्षात गेला, यावरून त्याने १९२७ मध्ये केलेले काम पुसले जात नाही.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली. त्यांनी बुद्धाचा मार्ग श्रेष्ठ ठरवला, पण तो मार्क्सला नीट वाचून, त्याचा प्रश्न मान्य करून. विरोधी विचाराला शिवी न देता उत्तर देणे ही धम्माची पद्धत आहे. सोशल मीडियावर आपल्याच माणसाला गद्दार ठरवायला आपल्याला पाच मिनिटे लागत नाहीत. मोऱ्यांचे आयुष्य वाचताना ही सवय लाजवते.

दुसरी गोष्ट कामाची. महाडला जमलेली गर्दी दोन दिवसांत तयार झाली नव्हती. तिच्यामागे चहाचे दुकान होते, लिहून दिलेले शेकडो अर्ज होते, पायी तुडवलेल्या वाड्या होत्या. आज आपल्या वस्तीत शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला मुलगा आहे, जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणारी मावशी आहे, गावच्या पाणवठ्यावर अजूनही टोमणे ऐकणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी रोज दोन तास बसणारा एक कार्यकर्ता मिळाला तर तो मोऱ्यांचा वारसदार.

तिसरी गोष्ट स्मरणाची. शताब्दीच्या निमित्ताने मोठे मंच उभे राहतील, नेते येतील, हार घालतील. ते होऊ दे. पण महाड, पोलादपूर, माणगाव या तालुक्यांतल्या तरुणांनी आपापल्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसावे. आपल्या घरातून १९२७ ला कोण गेले होते, कोणी तांदूळ दिला, कोणाचे डोके फुटले, हे लिहून घ्यावे. ती पिढी केव्हाच गेली. त्यांच्याकडून ऐकलेली पिढीही आता जात आहे. २००५ च्या पावसात दासगाववर दरड कोसळली तेव्हा माणसांबरोबर किती घरांतले कागद, फोटो, पेन्शनची जुनी पत्रे मातीखाली गेली असतील! जे उरले आहे ते वाचवणे आपल्या हातात आहे.

आणि पुढच्या २० मार्चला महाडला जाताना गाडी दासगावला थांबवा. सावित्रीच्या काठावर उतरा. बाबासाहेब जिथे बोटीतून उतरले ती हीच भूमी, आणि त्यांना इथे आणण्यासाठी ज्याने जिवाचे रान केले तो याच मातीतला पोरगा. त्याला मनापासून एक जयभीम करा, मग तळ्याकडे चला.

जयभीम! नमो बुद्धाय!